सँडी कोफॅक्सने ३० व्या वर्षी बेसबॉल का सोडला? त्याच्या कोपराच्या बाजूने उत्तर

प्रश्न नाशिकहून आला आहे, आणि थोडक्यात असा: "न्यू जर्सीत राहणारा माझा तेरा वर्षांचा भाचा बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा आहे, डावखुरा. त्याचा आदर्श १९६० च्या दशकातला डावखुरा पिचर सँडी कोफॅक्स. मी कोफॅक्सचे आकडे काढून पाहिले आणि चक्रावलो. १९६६ च्या हंगामात त्याने २७ सामने जिंकले आणि त्याच नोव्हेंबरात कोपराचं कारण देऊन निवृत्त झाला. कोपर इतकं खराब होतं तर २७ सामने जिंकले कसे? जिंकता येत होते तर सोडलं कशाला? आणि आजची शस्त्रक्रिया तेव्हा असती तर तो वाचला असता का? भाचा म्हणतो, कोफॅक्स दुखत असतानाही टाकायचा, मग मी का थांबू?"

मी क्रीडा फिजिओथेरपिस्ट आहे. वेगवान गोलंदाज, भालाफेकपटू आणि सॉफ्टबॉल-बेसबॉलचे खेळाडू यांचे खांदे आणि कोपरं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला खरा पेच मला असा दिसतो: सामने जिंकणं (बेसबॉलमध्ये विजय-पराभव पिचरच्या नावावर लागतात) आणि सांधा धडधाकट असणं या दोन गोष्टी तुम्ही एकच धरल्या आहेत. धावफलकावर निकाल दिसतो, सांध्याची अवस्था दिसत नाही. दोन्ही काही काळ अगदी उलट दिशांनी जाऊ शकतात. कोफॅक्सची शेवटची दोन वर्षं म्हणजे त्याचं इतकं स्पष्ट उदाहरण आहे की मी विद्यार्थ्यांना हीच केस समजावून सांगतो.

एक मर्यादा आधीच सांगतो. साठ वर्षांपूर्वीच्या खेळाडूबद्दल मी जे म्हणतो ते त्याच्या डॉक्टरांनी आणि त्याने स्वतः जाहीर केलेल्या गोष्टींवरून, आणि असे सांधे कसे वागतात याच्या अनुभवावरून. हात तपासून केलेलं निदान वेगळं असतं.

आधी कोपराचं सांगतो, कारण क्रिकेट पाहणाऱ्यांना पिचरचा हात चटकन कळत नाही. आपल्या गोलंदाजाला नियमानुसार चेंडू सोडताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही. त्याला वेग येतो तो धावण्यातून, पुढचा पाय रोवण्यातून आणि कमरेच्या झटक्यातून. म्हणून वेगवान गोलंदाजाची कंबर जाते, मणक्याला बारीक तडे जातात. पिचर जागेवरून टाकतो, त्याला धाव नाही. पाय पुढे पडतो, कंबर वळते, छाती वळते आणि हात मागे राहतो. कोपर साधारण काटकोनात वाकलेलं, तळहात आकाशाकडे. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर, म्हणजे करंगळीच्या बाजूच्या कडेवर, सांधा उघडू पाहणारा प्रचंड ताण येतो. तिथे एक आखूड, जाड लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा असतो. प्रौढ व्यावसायिक पिचरमध्ये हा ताण साधारण ६४ न्यूटन-मीटर मोजला गेला आहे. हेच लिगामेंट मृतदेहांवरच्या प्रयोगांत त्याच्या निम्म्याच्या आसपास ताणाला तुटतं. उरलेला भार मनगट वाकवणारे स्नायू आणि कोपराची हाडं उचलतात.

पुढच्या क्षणी हात वळून झपकन सरळ होतो. सरळ होताना कोपराचं मागचं टोक दंडाच्या हाडाच्या खाचेत जाऊन आपटतं. लिगामेंट थोडं सैल असेल तर हे टोक खाचेत नीट बसत नाही, कडेला घासतं. हजारो वेळा घासलं की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजते, हाडाचे काटे तयार होतात, सांध्यात पाणी भरतं, आणि हात पूर्ण सरळ होणं बंद होतं. कोफॅक्सच्या गोष्टीतली बरीच लक्षणं इथे बसतात.

आता माणूस. ३० डिसेंबर १९३५ चा जन्म, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. शाळेत त्याचं खरं नाव बास्केटबॉलमध्ये होतं, सिनसिनाटी विद्यापीठातही तो बास्केटबॉल खेळला. डिसेंबर १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या व्यावसायिक बेसबॉल संघाने त्याला घेतलं, ६,००० डॉलर पगार आणि १४,००० डॉलर करारबोनस. त्या काळी नियम असा होता की ४,००० डॉलरपेक्षा जास्त बोनस दिलेला खेळाडू दोन वर्षं मुख्य संघातच ठेवायचा, खालच्या लीगमध्ये पाठवायचा नाही. श्रीमंत संघांनी तरुण मुलं गोळा करू नयेत म्हणून केलेला नियम. कोफॅक्सला जागा करून देण्यासाठी डॉजर्सनी ज्या पिचरला खाली पाठवलं तो टॉमी लसोर्डा, जो पुढे त्याच संघाचा नावाजलेला मॅनेजर झाला.

या नियमाने कोफॅक्सचं नुकसान केलं असं माझं ठाम मत आहे. एकोणीस वर्षांचा, वेग अफाट, नेम नाही, अशा मुलाला खालच्या लीगमध्ये दर चौथ्या-पाचव्या दिवशी चेंडू मिळाला पाहिजे. त्याला मिळाली बेंच. पहिल्या तीन हंगामांत मिळून त्याने जेमतेम २०५ इनिंग टाकल्या (बेसबॉलच्या एका सामन्यात साधारण नऊ इनिंग असतात). संघ १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला. त्या वर्षी त्याला जास्त काम मिळालं, तर १५८ इनिंगमध्ये त्याने १०५ बॅटरना वॉक दिला, म्हणजे चार चेंडू स्ट्राइकच्या (वैध चेंडूच्या) पट्ट्याबाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवलं. मधूनच एखादा दिवस असा यायचा की सगळे थक्क व्हायचे. ऑगस्ट १९५९ मध्ये जायंट्सविरुद्ध एका सामन्यात त्याने १८ बॅटरना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. पण पहिल्या सहा वर्षांची गोळाबेरीज ३६ विजय, ४० पराभव. १९६० च्या शेवटी त्याने आपलं साहित्य कचऱ्यात टाकलं होतं. क्लबहाउस सांभाळणाऱ्या नोब कवानोने ते उचलून ठेवलं.

१९६१ च्या सरावकाळात एका दुय्यम सामन्यात कॅचर, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या नॉर्म शेरीने त्याला सांगितलं, इतक्या जोराने टाकू नकोस, थोडं सोडून टाक, त्यांना मारू दे. हा किस्सा चमत्कारासारखा सांगितला जातो. मला त्यात चमत्कार दिसत नाही. पूर्ण ताकद लावणाऱ्या मुलाचा खांदा आणि कपाळ दोन्ही आवळलेलं असतं. कंबर वळायच्या आधीच हात ओढला जातो, चेंडू सुटण्याची जागा दर वेळी बदलते आणि नेम जातो. जोर थोडा कमी केला की क्रम लागतो: पाय, कंबर, छाती, हात. वेग जवळपास तेवढाच राहतो, कधी वाढतोही. हे मी तरुण गोलंदाजांमध्येही नेहमी पाहतो. अर्थात ज्याचं शरीर तोवर तयार झालेलं असतं त्यालाच तो सल्ला लागू पडतो, आणि कोफॅक्स तेव्हा पंचविशीत होता. त्या वर्षी त्याने १८ सामने जिंकले आणि २६९ स्ट्राइकआउट घेतले. नॅशनल लीगमधला क्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ पासूनचा २६७ चा विक्रम मोडला. १९६१ धरून सहा वर्षांत १२९ विजय आणि ४७ पराभव.

१९६२ मधली दुखापत मी वेगळी काढतो, कारण लोक ती कोपरात मिसळतात. बॅटिंग करताना तळहातातली रक्तवाहिनी चेचली गेली. डाव्या हाताचं बोट थंड, बधिर, पांढरं पडलं. तरीही त्याने जूनच्या शेवटी न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात एकही हिट (बेस मिळवून देणारा फटका) दिला नाही. मग जुलैच्या मध्यापासून जवळजवळ हंगाम संपेपर्यंत बाहेर. बोट वाचलं. रक्तपुरवठ्याचा हा प्रश्न सुटला आणि पुन्हा आला नाही. १९६३ मध्ये २५ विजय, ५ पराभव, ३०६ स्ट्राइकआउट, ११ शटआउट (एकही धाव न देता पूर्ण टाकलेले सामने), आणि वर्ल्ड सिरीज या विजेतेपदाच्या मालिकेत यांकीजचा ४-० असा सफाया.

कोपराची नोंदलेली सुरुवात ऑगस्ट १९६४ ची. मिलवॉकीत दुसऱ्या बेसवर परत झेप घेताना डावा हात जमिनीवर आपटला. त्यानंतर तो आणखी दोन सामने खेळला, दोन्ही जिंकले. दुसऱ्यात सेंट लुईसविरुद्ध १३ स्ट्राइकआउट घेऊन शटआउट टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तर हात सरळ होईना. संघाचे डॉक्टर रॉबर्ट केरलन यांनी निदान केलं, इजेमुळे आलेला संधिवात. त्या हंगामात तो पुन्हा खेळला नाही. माझा अंदाज, आणि हा अंदाजच आहे, की ती झेप शेवटचं निमित्त होतं. आदल्या वर्षी त्याने ३११ इनिंग टाकल्या होत्या. एकदा आपटल्याने धडधाकट सांध्याला सूज येते, ती उतरते. संधिवाताची चित्रं एका पडण्यातून इतक्या लवकर दिसत नाहीत, झीज आधीपासून चालू असावी लागते.

मार्च १९६५ मध्ये सराव सामन्यात त्याने पूर्ण सामना टाकला. सकाळी हात काळानिळा, आत रक्तस्राव झालेला. केरलननी सांगितलं की असंच चाललं तर हाताचा पूर्ण वापर गमवावा लागेल. ठरलं की आठवड्यातून एकदाच टाकायचं.

ही योजना कागदावरच राहिली. त्या काळी संघात मुख्य पिचर चार, त्यामुळे प्रत्येकाची पाळी चौथ्या दिवशी. डॉजर्सची बॅटिंग कमजोर, पिचिंगवर संघ उभा. कोफॅक्स ४१ सामन्यांत पहिला पिचर म्हणून उतरला, त्यातले २७ त्याने स्वतः शेवटपर्यंत टाकले. एकूण ३३५ इनिंगच्या वर. २६ विजय, ३८२ स्ट्राइकआउट, नऊ इनिंगमागे २.०४ धावा. ९ सप्टेंबरला शिकागो कब्जविरुद्ध परफेक्ट गेम, २७ बॅटर आले आणि एकही पहिल्या बेसवर पोहोचला नाही. त्यातले १४ स्ट्राइकआउट, शेवटचे सहा सलग. समोरच्या बॉब हेंडलीने पूर्ण सामन्यात एकच हिट दिला होता आणि तो १-० ने हरला, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुमचा पहिला प्रश्न इथेच येतो. असा हात घेऊन हे कसं जमलं? याला चार-पाच कारणं आहेत आणि त्यांतलं पहिलं सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. चेंडू सुटतो त्या क्षणी पिचरचं कोपर पूर्ण सरळ नसतंच, वीस-पंचवीस अंश वाकलेलं असतं. म्हणजे कोपराचे शेवटचे काही अंश गेले तरी चेंडू सोडण्याच्या क्षणी त्यांची गरज पडत नाही. चेंडू सुटल्यानंतर हाताला थांबवताना आणि रोजच्या आयुष्यात ती पडते. कोफॅक्सचा हात इतका आखडला की कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागली, दाढी करताना अडचण व्हायची. पण माउंडवर, म्हणजे पिचर जिथून टाकतो त्या उंचवट्यावर, तो फलंदाजाला तसाच भीतिदायक होता.

दुसरं, अशा सांध्याचं दुखणं वेळापत्रकाने येतं. गरम झालेला, हलता सांधा बराच सहन करतो, सामन्याच्या जोशात मेंदू दुखण्याकडे लक्ष देत नाही. सूज चढते काही तासांनी. म्हणून सामन्यानंतर तो बर्फाच्या पाण्यात कोपर बुडवून बसलेला असायचा, कातडी भाजू नये म्हणून रबराची बाही चढवून. ही छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. आपण सामना पाहतो तो सगळ्यात चांगल्या तीन तासांचा. पुढच्या सकाळचा हात कोणी पाहत नाही.

तिसरं, औषधं. यावर मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण तुमच्या भाच्याला हा भाग कोणी सांगितलेला नसणार. सामन्याआधी तो कोडीन असलेली वेदनाशामक गोळी घेई, ती अफूच्या कुळातली. सूज उतरवायला ब्युटाझॉलिडिन, म्हणजे फिनाइलब्युटाझोन. हे औषध आज मुख्यतः घोड्यांसाठी वापरलं जातं. अस्थिमज्जेवरच्या घातक परिणामांमुळे अनेक देशांनी माणसांसाठी ते बंद केलं. कातडीला मिरचीच्या अर्काचं कॅप्सोलिन मलम, इतकं जहाल की शेजारी बसणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. आणि सांध्यात कॉर्टिसोनची इंजेक्शनं. यातलं काहीही झीज थांबवत नाही. कोडीन दुखण्याची जाणीव दाबतं, मलम दुसरी जळजळ निर्माण करून लक्ष हटवतं, कॉर्टिसोन सूज उतरवतं पण वारंवार दिलं तर कूर्चेला आणि लिगामेंटला कमकुवत करण्याची शक्यता असते. गॅस गळत असताना नाकाला रुमाल बांधून स्वयंपाक चालू ठेवावा, तसा हा उपचार होता. डॉक्टर वाईट होते असं मी म्हणत नाही. केरलन खेळाडूंच्या उपचारांतले त्या काळचे अग्रणी होते आणि त्यांनी त्याला धोका स्पष्ट सांगितला होता. त्यांच्या हातात साधनं एवढीच होती.

चौथं, त्याचं कौशल्य. १९५८ मध्ये १०५ वॉक देणाऱ्या माणसाने १९६५ मध्ये दुपटीपेक्षा जास्त इनिंग टाकून ७१ दिले. नेम आला की वाया जाणारे चेंडू कमी होतात. शिवाय त्याला स्वतःच्या हाताचं त्या दिवशीचं चित्र वाचता येत होतं. १९६५ च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी आला, आणि कोफॅक्स ज्यू असल्याने खेळला नाही. ते त्याचं शांतपणे घेतलेलं पाऊल अमेरिकेतले ज्यू आजही अभिमानाने सांगतात. सातवा, निर्णायक सामना मिनेसोटात. पाचवा सामना टाकून त्याला दोनच दिवसांची विश्रांती मिळाली होती. त्याचा कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, त्या दिवशी लागत नव्हता. त्याने तो जवळजवळ बाजूला ठेवला आणि फास्टबॉलवर सामना काढला, तीन हिट, दहा स्ट्राइकआउट, २-० विजय. सामन्याच्या मध्यावर असा निर्णय घेऊन तो शेवटपर्यंत पाळणं मला परफेक्ट गेमपेक्षाही मोठं वाटतं.

पाचवं कारण काळाचं, ते झटपट सांगतो. १९६३ ते १९६८ मध्ये स्ट्राइकचा पट्टा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मोठा होता, माउंडची उंची १५ इंच होती, आणि डॉजर स्टेडियम पिचरला साथ देणारं मैदान म्हणून ओळखलं जायचं. १९६९ मध्ये पट्टा लहान केला आणि माउंड १० इंचांवर आणला. म्हणजे आकड्यांमध्ये काळाचाही वाटा आहे. तरी त्याच पट्ट्यावर, त्याच माउंडवरून बाकीचेही टाकत होते, आणि १९६२ ते १९६६ अशी सलग पाच वर्षं लीगमध्ये सर्वांत कमी धावांची सरासरी एकट्या कोफॅक्सची होती.

इथपर्यंतचं जमवून सांगायचं तर: कोपराचे गेलेले अंश चेंडू सोडण्यात आड येत नव्हते, दुखणं सामन्यानंतर चढत होतं, औषधं जाणीव दाबत होती, कौशल्य शिखरावर होतं आणि काळ अनुकूल होता. २७ विजयांचं कोडं यात सुटतं. खाली झीज चालूच होती.

दुसरा प्रश्न, सोडलं कशाला. लोकांना वाटतं त्याने अचानक सोडलं. तसं नाही. १९६५ चा हंगाम संपल्यावरच त्याने सॅन डिएगोचा पत्रकार फिल कॉलियर याला सांगितलं होतं की पुढचं वर्ष शेवटचं. कॉलियरने ते वर्षभर पोटात ठेवलं. म्हणजे १९६६ चा प्रत्येक सामना कोफॅक्सने शेवट ठरवून टाकला. त्याच वसंतात त्याने आणि संघातला दुसरा पिचर डॉन ड्रायस्डेल याने मिळून पगारासाठी क्लबशी झुंज दिली, दोघांनी एकत्र वाटाघाटी केल्या, सरावाला गेले नाहीत. शेवटी कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० डॉलर मिळाले. खेळाडू दुसऱ्या संघात स्वतःहून जाऊ शकत नव्हते अशा काळात ही मोठी गोष्ट होती. हाताचं आयुष्य संपत आलंय हे ज्याला माहीत आहे त्याने हाताची किंमत मागावी, यात मला काहीच गैर दिसत नाही.

मग ३२३ इनिंग, पुन्हा ४१ सामन्यांत सुरुवात, पुन्हा २७ पूर्ण सामने, २७ विजय, १.७३ ची सरासरी. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, २ ऑक्टोबरला, फिलाडेल्फियात दोन दिवसांच्या विश्रांतीवर उतरून त्याने संघाला वर्ल्ड सिरीजमध्ये नेलं. चार दिवसांनी बाल्टिमोरविरुद्ध तो शेवटचा सामना हरला. समोर वीस वर्षांचा जिम पामर होता, आणि मागे डॉजर्सच्या विली डेव्हिसने एकाच इनिंगमध्ये तीन चुका केल्या. १८ नोव्हेंबर १९६६ ला निवृत्ती. त्याने दिलेलं कारण साधं होतं: बेसबॉलनंतर खूप वर्षं जगायची आहेत आणि ती शरीराचा पूर्ण वापर करत जगायची आहेत. एकूण १६५ विजय, ८७ पराभव, २,३९६ स्ट्राइकआउट.

माझ्या टेबलावर असा हात आला असता तर मीही हेच सांगितलं असतं. कदाचित एक वर्ष आधी.

तुम्ही विचाराल, मग बाकीच्यांचे हात कसे टिकले? त्याच काळातला डावखुरा वॉरन स्पॅन ४४ व्या वर्षापर्यंत खेळला, ५,२०० हून जास्त इनिंग, ३६३ विजय. जुलै १९६३ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याने ह्वान मारिशालविरुद्ध एकाच सामन्यात पंधराच्या वर इनिंग टाकल्या आणि सोळाव्यात विली मेजच्या होमरनने १-० असा हरला. म्हणजे इनिंगचा आकडा एकटा काही ठरवत नाही. लिगामेंटची जन्मजात जाडी, टाकण्याची पद्धत, वेग, कोणत्या वयात किती टाकलं, यावर अवलंबून आहे. युद्धामुळे स्पॅनला पहिला विजय मिळाला तेव्हा तो पंचविशीत होता. कोफॅक्सचा वेग स्पॅनकडे नव्हता, तो टप्पा आणि गती बदलून फसवायचा. स्पॅनचं उदाहरण देऊन कोणी "काही होत नाही" म्हणालं तर ऐकू नका, आणि कोफॅक्सचं उदाहरण देऊन प्रत्येक हात ३० व्या वर्षी संपतो असंही समजू नका.

तिसरा प्रश्न शस्त्रक्रियेचा. केरलन यांचे सहकारी डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी डॉजर्सच्याच टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा ती केली: मनगटाजवळची एक कमी गरजेची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून कोपराच्या हाडांत भोकं पाडून लिगामेंटच्या जागी ओवली. टॉमी जॉन १९७६ मध्ये परतला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला, जवळजवळ कोफॅक्सच्या सगळ्या कारकिर्दीइतके. कोफॅक्सच्या निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, त्याच डॉक्टरांच्या दवाखान्यात. साहजिकच सगळ्यांना चुटपुट लागते.

तरी मी "वाचला असता" असं छातीठोक म्हणणार नाही. केरलनकडे क्ष-किरण होता. त्यात हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. एमआरआय बऱ्याच वर्षांनी आला. लिगामेंट सैल होऊन त्यातून झीज झाली असेल, तर नवं लिगामेंट पुढची झीज मंद करू शकलं असतं आणि दुर्बिणीतून हाडाचे काटे काढता आले असते. पण गेलेली कूर्चा टॉमी जॉन शस्त्रक्रियेने परत येत नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात, झीज वाढण्याआधी, पकडलं असतं तर बरीच आशा होती. १९६६ मध्ये बरीच कमी. आणि आजचा कोणताही क्लब त्या निदानानंतर त्याला ३३५ इनिंग टाकू देणार नाही, आज २०० इनिंग गाठणारेही मोजके असतात. म्हणजे आजच्या काळात त्याचा हात कदाचित जास्त वर्षं टिकला असता, पण ज्या दोन हंगामांवर तुमचा भाचा फिदा आहे ते तसे घडले नसते.

निवृत्तीनंतर तो काही वर्षं टीव्हीवर समालोचक होता, १९७२ मध्ये ३६ व्या वर्षी बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, त्यावेळचा सर्वांत तरुण. १९७९ पासून दशकभर त्याने डॉजर्सच्या खालच्या संघांतल्या पिचरना शिकवलं. मला हा भाग आवडतो: स्वतःला जी खालची लीग मिळाली नाही तिथे जाऊन तो मुलांना शिकवत होता.

आता भाचा. तेरा वर्षांच्या मुलाच्या कोपरात वाढीची कूर्चा अजून उघडी असते आणि ती लिगामेंटपेक्षा कमजोर असते. मोठ्या माणसाचं लिगामेंट जिथे ताणतं तिथे मुलाचं हाडच ओढलं जातं. म्हणून "कोफॅक्स टाकायचा" हे त्याच्या वयाला लागूच होत नाही. कोफॅक्सही तेराव्या वर्षी वर्षभर पिचिंग करत नव्हता, तो बास्केटबॉल खेळत होता. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या नियमात १३ ते १६ वयाला दिवसाला ९५ चेंडूंची मर्यादा आहे, आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले तर पुढे चार दिवस विश्रांती. तो शाळा आणि क्लब अशा दोन संघांत खेळत असेल तर दोन्हीकडचे चेंडू मिळून मोजले जातात का, हे त्याच्या आईवडिलांना विचारा. गोंधळ बहुतेक तिथेच होतो. वर्षातून सलग काही महिने पिचिंग पूर्ण बंद, दुसरा कुठलाही खेळ चालेल.

आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दोन्ही हात समोर धरून कोपरं सरळ करायला लावायचं. डावं उजव्याइतकं सरळ होत नसेल, आतल्या हाडाच्या टेंगळावर बोट ठेवल्यावर दुखत असेल, किंवा करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, तर चेंडू बंद आणि खेळाडू मुलं तपासणारा अस्थितज्ज्ञ गाठायचा. अनुभवी पिचरमध्ये थोडा फरक नेहमी सापडतो, तेराव्या वर्षी मात्र मी तो गंभीरच धरतो. फोनवर तुम्ही "दुखतंय का रे" विचाराल तर तो नाही म्हणेल, सगळी मुलं नाहीच म्हणतात. व्हिडिओ कॉल लावा आणि हात सरळ करून दाखवायला सांगा.